आकाचे एकशेवीस नारळ

माझी थोरली बहीण कमलाक्षी. आम्ही तिला आका म्हणतो. तिला कुणी विचारलं, बाई, तुम्ही काय करता, तर ती सांगते, "कायच नाय, घरातच आसतंय." हे धादांत खोटं आहे. दर ऑक्टोबरात हरमलच्या किनाऱ्यावर जे शॅक उभे राहतात, त्यांतल्या निम्म्यांचं छप्पर तिच्या हातचं असतं. माडाच्या झावळ्या पाण्यात भिजत घालायच्या, मधोमध चिरायच्या आणि पात एकमेकांत ओवून झाप विणायचं, हे तिचं काम. एक झाप विणायला तिला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माझा एक चहा होत नाही. त्या छपराखाली कोण कुठल्या देशाचा माणूस उघडा पडून बिअर पितो, याच्याशी तिला देणंघेणं नाही. झाप गळतं का, एवढंच ती विचारते.

गोवा मुक्त झाला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या भावाचा, सगुणाचा जन्म झाला आणि आठ दिवसांत आई गेली. आका तेव्हा तेरा वर्षांची होती, मी सहा वर्षांचा. बाबा भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या माडांत राबायचे. ते उजाडता जायचे ते दिवेलागणीला यायचे. सगुणाला वाढवलं ते आकानं. शेजारच्या ख्रिस्ती घरातल्या पियेदादची आई त्याला तान्ह्या पियेदादबरोबर दूध पाजायची, आणि आका दोन्ही वेळा त्याला कमरेवर घेऊन त्यांच्या दारात उभी राहायची. पुढं आकाला स्थळं आली. नाही असं नाही. येणाऱ्या प्रत्येकाला ती सरळ विचारायची, "पोर घेवन येव?" पाहुणे चहा पिऊन जायचे. चौथ्या वेळी बाबांनी चहाच केला नाही.

एवढं सांगितल्यावर तुम्ही म्हणाल, ही बाई गरीब गाय असेल. मुळीच नाही. तिचं तोंड असं आहे की पाडेली माडावरून नारळ पाडताना खाली आका उभी आहे का ते आधी बघतो, नारळ तिच्या डोक्यात पडेल म्हणून नव्हे, कोवळा पाडला तर ती काय बोलेल म्हणून.

शहाऐंशी साली पेडण्यात बाहेरच्या एका मंडळाचा सत्संग झाला. धर्मप्रसाराचं काम करणारं मंडळ. दूर अरुणाचलाच्या डोंगरांत त्यांचे आश्रम होते, शाळा होत्या, तिथं मुलांना शिकवायचं, गावोगाव भजनं म्हणायची, प्रवचनं करायची, असं काम. आमचा सगुण चोवीस वर्षांचा, अंगानं भरलेला, आवाजानं गोड. सात दिवस सत्संगाला गेला आणि आठव्या दिवशी म्हणाला, "मी जातंय." नियम असा की पहिली बारा वर्षं, म्हणजे एक तप, घरी यायचं नाही. जाण्याआधी डॉक्टरचा दाखला लागत होता. त्यावर वजन लिहिलं होतं, अडुसष्ट किलो. आकाला वाचता येत नाही, पण तो आकडा तिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. आपण वाढवलेलं पोर अडुसष्ट किलोचं झालं, याचा तिला भयंकर अभिमान वाटला.

त्यानंतर त्र्याण्णव साली मंडळाचं पत्र आलं. सगुणाला मेंदूचा ताप आला होता, दवाखाना दोन दिवसांच्या वाटेवर. पत्र लिहिलं तेव्हा तो बेशुद्ध होता आणि पत्र पोचायला सतरा दिवस लागले होते. म्हणजे आम्ही वाचत होतो तेव्हा तो जिवंत होता की नव्हता, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मी डोकं धरून बसलो. आका उठली, भर दुपारी अनवाणी सातेरीच्या देवळात गेली आणि तुळाभार बोलून आली. सगुण बरा होऊन घरी आला तर त्याला देवळातल्या तागडीत बसवून त्याच्या भारंभार नारळ देवीला वाहीन.

तो बरा झाला. पत्र आलं. मीही नाचलो, खोटं कशाला बोलू. पण मनात एक खडा राहिला. सोळा वर्षं मी डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवत होतो. त्या लाल रस्त्यांवर आठवड्याला एखादा ट्रक उलटायचा. माझ्या नावानं मात्र आका देवीला कधी केळ्याचा घडसुद्धा बोलली नव्हती. एकदा रागानं तिला मी तसं बोलूनही दाखवलं. ती झाप विणत होती. मान वर न करता म्हणाली, "तू दर शनवारी घराक येतस. येणाऱ्याचो नवस कोण बोलता?" मी खाली बसून तिला एक झावळी चिरून दिली.

तर अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये ते तप पुरं झालं आणि सगुणाचं पत्र आलं की येतो. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती. तो थेट पेडणे स्टेशनवर उतरणार होता. आका ते ऐकून खूश झाली आणि लगेच काळजीत पडली, कारण अशा माणसाला घरात कसं घ्यायचं, हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. बोटीवरून आलेल्याला कसं घ्यायचं ते माहीत आहे, आखातातून आलेल्याला माहीत आहे. धर्माचं काम करून आलेल्याला कसं घ्यायचं? तो भाऊ की बुवा? त्याच्या पायां पडायचं की त्याला पाय धुवायला सांगायचं?

आका पियेदादकडं गेली. पियेदादचा भाऊ पाद्री, आफ्रिकेत होता, तीन वर्षांमागं येऊन गेला होता. पियेदादला याचा अनुभव. ती म्हणाली, "बँड जाय. फुलां जाय. सगल्या वाड्याक जेवण जाय. आनी ताका पयल्या दिसा उलोवंक लावूं नाका, न्हिदूं दी." 'जाय' म्हणजे हवं. चारांतलं शेवटचं, त्याला बोलायला न लावता झोपू द्यायचं, हे आकाला पटलं. बँडला तिनं नाही म्हटलं, म्हणाली, माझा भाऊ काय निवडून आलाय? पियेदादनं आपल्याकडची चांगली खुर्ची, मेज आणि जनेलाला लावायचा जाळीचा पडदा दिला. तो पडदा माजघराच्या नव्यानं मोठ्या केलेल्या खिडकीलाही गुडघाभर लांब झाला, पण आकानं तो कापू दिला नाही.

मग तिनं भटजींना गाठून विचारलं, थोरल्या बहिणीनं धाकट्या भावाला नमस्कार करावा का? भटजींनी डोकं खाजवलं. भाऊ म्हणून नको, धर्मोपदेशक म्हणून हवा. "मनात करा," असा त्यांनी निकाल दिला.

स्टेशनवर गाडी दोन तास उशिरा आली. आकाच्या हातातल्या तबकातला दिवा वाऱ्यानं चारदा विझला आणि प्रत्येक वेळी तिनं रेल्वेला शिव्या दिल्या. शेवटी गाडी थांबली आणि पांढऱ्या पायघोळ कफनीतला, छातीपर्यंत दाढी वाढलेला एक माणूस उतरला. अंगावर पिवळी शाल. मी ओळखलंच नाही. आकानं ओळखलं, पण ती मनातला नमस्कार करायला डोळे मिटून उभी राहिली आणि तेवढ्यात सगुणानं खाली वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. भटजींचा निकाल फुकट गेला. आकानं तबक माझ्या हातात कोंबलं, त्याची शेंडी धरून त्याला वर उठवलं आणि म्हणाली, "दाढी ती केदी वाडयलस रे? मोरजेच्या बाबल्याचो बोकड दिसतस."

तो हसला. बारा वर्षांनी मी ते हसू ऐकलं आणि मला रडू आलं. सांगायला कसली लाज?

त्याला झोपू द्यायचं राहिलंच, पहिले दोन दिवस घरात सण होता. वाड्यावरची माणसं येत होती, खुर्चीवर बसलेल्या सगुणाकडं बघून जात होती. कुणी पायां पडत होतं, कुणी "काय मरे सगुणा" म्हणून पाठीत थाप देत होतं. तो सगळ्यांशी शुद्ध, सावकाश मराठीत बोलायचा, प्रवचन केल्यासारखा, आणि मध्येच एखादा हिंदी शब्द यायचा. आका दाराआडून ऐकायची आणि मला हळूच विचारायची, "बोलता बरो, पण हो आमचोच मां?" डोंगरातली शाळा, बर्फ, बांबूचा पूल, तिथल्या मुलांनी पाठ केलेली भजनं, हे तो सांगायचा. लोकांना तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समजावून सांगतो, असं त्याच्या बोलण्यातून कळलं. देव दुकानदार नाही. त्याच्याशी सौदा करू नका. मागायचं असेल तर बळ मागा.

हे ऐकून मी उठून आतलं दार ओढून घेतलं. कारण माजघरात विणलेल्या झापांखाली एकशेवीस नारळ झाकून ठेवलेले होते.

त्या नारळांचा हिशेब मीच काढून दिला होता. अडुसष्ट किलोला सोललेले नारळ किती, तर शंभर. आका म्हणाली, बारा वर्षांत माणूस थोडा भरतो, वर वीस घे, देवीपुढं कमी पडायला नको. पाडेल्याकडून तिनं एकेक नारळ वाजवून घेतला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगुणानं झाप उचलून बघितलं आणि विचारलं, "आका, एवढे नारळ कशाला?"

आकानं सरळ सांगितलं. ताप, पत्र, तुळाभार. "सोमवारी देवळात जावया. तू अर्दो तास तागडेत बसलस की झाला. माझा डोक्यावरचा ओझा उतरतला."

सगुणानं उचललेलं झाप पुन्हा नारळांवर ठेवलं. मग म्हणाला, "आका, मला ते जमणार नाही."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. तिनं घेतलं नाही. "बरां," एवढंच म्हणाली आणि अंगणात जाऊन झाप विणायला बसली. तिचं भांडण मला सोसतं. ही "बरां" मात्र मी उभ्या जन्मात दोन-तीनदाच ऐकली आहे आणि प्रत्येक वेळी पुढचे चार दिवस आमच्या गळ्याखाली घास उतरलेला नाही. तिच्या लेखी हा नवस तिच्या एकटीच्या डोक्यावर नव्हता, सगुणाच्याही होता. देवीला शब्द दिला आणि पाळला नाही, तर त्याचं भोगायचं कुणाला? त्यालाच. आणि तो तर आता समोर होता, दाढी वाढवून, नाही म्हणत.

संध्याकाळी मी सगुणाला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि मोरजीला नेलं. तिथं किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात, वनखात्याची माणसं भोवती जाळी लावून राखण करतात. ते बघायचंय असं तो म्हणाला होता. बघून झाल्यावर मी त्याला वाळूत बसवलं आणि जे मनात होतं ते ओकलं. तुझं पत्र आलं तेव्हा ही बाई उन्हातून अनवाणी गेली. पुढं तीन महिने चटईवर पाठ टेकली नाही, भिंतीला टेकून झोपायची, कारण तू तिकडं कसा पडला असशील ते तिला माहीत नव्हतं. बारा वर्षं तू जगाला शहाणपण सांगितलंस, अर्धा तास बहिणीसाठी गप्प बसायला काय जातं तुझं? आणि ती झापं विणून जगते, भाटकार नव्हे. एकशेवीस नारळ तिनं जमवले ते काय गंमत म्हणून?

तो बोलायला लागला तेव्हा पहिल्यांदाच आपल्या बोलीत बोलला.

"दादा, थय एक बाई होती. तिचा पोर तापान फणफणला. तिका तिच्या रीतीन देवाक काय तरी बोलूचा होता. मी आडवलंय. दवाखान्यात न्हेवया म्हटलंय, आमी सगळे न्हेवक लागलो. नवस बोला नको, देव असो विकत गावणा नाय म्हणान सांगलंय. तिना माझा आयकला. पोर वाटेतच गेला." त्यानं कफनीवरची वाळू झटकली. "आता मी घरी येतलंय आणि माझ्या नावान बोललेलो नवस फेडतलंय? त्या बाईक कळला तर तिका काय वाटात?"

मी ट्रक चालवणारा माणूस, मला गाडी चालवता येते. मी गाडी काढली आणि त्याला घरी आणलं.

पण मला कुठलीही गोष्ट पोटात ठेवता येत नाही, आकापासून तर नाहीच. दुसऱ्या दिवशी सकाळी सगुण विहिरीवर होता तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, हे ऐकून ती नवसाचा नाद सोडेल. भाऊ खरा आहे, असं म्हणेल. तिनं हातातलं अर्धं झाप बाजूला ठेवलं, मांडीवरचा पाचोळा झटकला आणि तशीच विहिरीवर गेली. मीही मागोमाग गेलो.

"सगुणा," ती म्हणाली, "त्या पोराच्या आवशीक नवस बोलूक दिवक होया होता."

तो डोक्यावर तांब्या धरून तसाच उभा राहिला.

"नवसान पोर वाचला असता, असा मी म्हणणंय नाय. माका काय ठावक? तू शिकलेलो, तुका ठावक. पण दोन दिवसांची वाट तुमी चालत होतास, ती बाई चालत होती, आणि तिच्या हातात काय होता? पोर दुसऱ्याच्या पाठीर. दवा तुमच्या पिशयेत. देव तुमच्या तोंडात. तिच्या वाट्याक काय रवला? मी हय काय करी होतंय सांग? तू मराक टेकलेलस आणि मी झापां विणी होतंय. तुळाभार बोललंय म्हणान माका उठाक झाला, भात शिजवक झाला. नायतर मी खुळ्यासारी जावन रस्त्यार बसलंय असतंय. सौदो नाय रे तो. हातांक काम होया आसता माणसाच्या."

ती एवढं सलग बोललेली मी कधी ऐकली नव्हती. शिव्या धरल्या तरी नाही.

सगुणानं तांब्या खाली ठेवला. केसांतून पाणी गळत होतं, त्यामुळं रडत होता की नाही ते मला सांगता येणार नाही. "सोमवारी किती वाजता जायचं?" त्यानं विचारलं.

"नवाक," आका म्हणाली. "आणि दाडी विंचर."

सोमवारी नऊला आम्ही देवळात होतो. नारळ मी ट्रकनं नेले. सगुणाच्या तुळाभाराची बातमी कुणी पसरवली नाही, त्यामुळं सगळा वाडा आला होता. पियेदादही आली, डोक्यावर पदर घेऊन देवळाच्या पायरीवर बसली. सभामंडपाच्या तुळईला भटजींनी तागडी टांगली. दोन लाकडी पारडी, जाड साखळ्या, माझ्या आज्याच्या वेळची. मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं. बाय म्हाराजणी, तुझ्या लेकीन पाच वर्सांमागे आपल्या भावासाठी बोललेलो शब्द आज ती पुरो करता, तो मान्य करून घे. आम्ही सगळे म्हटलं, "होय म्हाराजा." सगुणानं शाल माझ्याकडं दिली, कफनी सावरली आणि तो पारड्यात मांडी घालून बसला.

दुसऱ्या पारड्यात पहिला नारळ आकानं ठेवला. मग मी आणि भटजी ठेवत गेलो. भटजी मोठ्यानं मोजत होते. चाळीस. पन्नास. आका बाजूला उभी राहून राशीतला प्रत्येक नारळ बघत होती, जणू त्यातला एखादा पळून जाईल. साठ झाले तेव्हा तागडी हलली. सत्तर झाले आणि सगुण जमिनीवरून उचलला गेला. चौऱ्याहत्तरला काटा मध्ये आला.

लोक हसले. कुणी तरी म्हणालं, "आका, अर्दे नारळ परत." खाली रास तशीच होती, सेहेचाळीस नारळ.

आका हसली नाही. "भटानू, तागडी बरोबर आसा मां?" तिनं विचारलं. भटजींनी साखळ्या तपासल्या, पारडं दाबून बघितलं. बरोबर होती. मग ती सगुणाजवळ गेली, त्याच्या कफनीची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि तो हात आपल्या हातात धरून बघत राहिली. इतके दिवस दाढीमुळं आणि शालीमुळं आम्हाला काही दिसलं नव्हतं. मनगटाचं हाड वर आलेलं होतं. पन्नास किलो. मी डोक्यात हिशेब केला आणि ताबडतोब पस्तावलो.

"अडुसष्ट होतस," ती म्हणाली. "मी अडुसष्ट किलोचो दिलेलंय."

ती रडली. सगळ्या वाड्यासमोर, पदर तोंडाला न लावता. सगुण पारड्यात अधांतरी बसलेला, त्याला उतरता येईना. "जेवतंय गे मी थय," तो म्हणत होता, "बरा जेवतंय. तापानंतर अंग धरला नाय, तेवढाच." तिनं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. भटजींनी नारळ घरंगळू नयेत म्हणून एकेक काढायला घेतले आणि सगुण हळूहळू खाली आला.

मग प्रश्न आला तो उरलेल्या नारळांचा. देवाच्या नावानं देवळात आणलेलं परत घरी नेत नाहीत. भटजी म्हणाले, ठेवून जा, पुढच्या उत्सवाला होतील. मीही मान हलवली. सगुणानं मात्र रास बघितली आणि म्हणाला, "आका, आता तू बस."

"खंय?"

"तागडेत."

आका बावरली. आकाला बावरलेलं मी प्रथमच बघत होतो. "माझो नवस कोण बोललो? खुळो काय?"

भटजींचीही तीच अडचण होती. नवसाशिवाय तुळाभार होत नाही. "सगुणा, कोणाचो नवस?" त्यांनी विचारलं.

"माझो."

देव दुकानदार नाही, हे वाड्यावरच्या प्रत्येकानं त्याच्या तोंडून ऐकलं होतं.

"केदी बोललेलस?"

"आता बोलतंय." त्यानं गाभाऱ्याकडं तोंड केलं, हात जोडले. "बाय, माझ्या आकाक शंभर वर्सां बरी ठेव. तिच्या भारंभार नारळ तुका दितंय."

भटजी हसले. गोड माणूस, पण शास्त्राला धरून. "अरे, असो नाय. आदी बोलूचा, देवीन दिल्यार मागीर फेडूचा. तिका शंभर जाल्यार फेड."

"भटानू," सगुण म्हणाला, "मागीर फेडूक मी हय आसूचंय नाय. म्हणान आदी."

तो परत जाणार का, हे आम्ही कुणी विचारलं नव्हतं. मी भीतीनं विचारलं नव्हतं आणि आकानं का विचारलं नव्हतं ते आता तिच्या तोंडाकडं बघून मला कळलं. तप संपलं म्हणजे माणूस घरी आला, असं तिनं धरलं होतं. माजघराची खिडकी तिनं त्याच्यासाठीच मोठी करून घेतली होती, पडदा काही पाहुण्यापुरता नव्हता.

"केदी जातलस?" तिनं विचारलं.

"म्हयन्याअखेरीक."

"परत?"

"दोन वर्सांनी येवक दितत आता. येतलंय."

"बरां," ती म्हणाली. पण ही ती बरां नव्हती, मी दोन्ही ओळखतो. तिनं पदर कमरेला खोचला, साखळी धरली आणि पारड्यात बसली.

सगुण नारळ ठेवायला लागला. भटजींनी थोडं थांबून गाऱ्हाणं सुरू केलं, शास्त्राचं काय करायचं ते बहुधा त्यांनी देवीवर सोडलं. सेहेचाळीस नारळ संपले आणि आका जमिनीवरच. सगळा जन्म उभ्यानं आणि उकिडव्यानं कामं केलेली बाई, तिचा भार काही थोडा नव्हता. "अजून वीस-पंचवीस तरी लागतील," मी म्हटलं. पियेदाद पायरीवरून उठून आपल्याकडचे नारळ आणायला घराकडं निघाली, तिच्यामागं आणखी दोघी. मी ट्रकची चावी काढली.

पारडं हलू नये म्हणून सगुण साखळीला धरून आकाच्या अगदी जवळ उभा होता. तिनं वर त्याच्याकडं बघितलं, मग आमच्याकडं.

"धावा नकात," आका म्हणाली. "सावकाश हाडा नारळ. मी बसतंय."